सोनईच्या रस्त्याला फियाट की अँबेसिडर

पोरी, तुझं मन फियाटवर बसलंय हे मला फोनवरच कळलं. तरी आधी निकाल सांगतो, कारणं मागून. तू चिंचवडला नोकरीला, गाडी राहणार इथं सोनईत आपल्या शेडमध्ये, आणि तू येणार महिन्या-दोन महिन्यांनी सुट्टीला. असाच बेत असेल तर घोडेगावची अँबेसिडर घे. तू इथं राहणार असतीस, रोज सकाळी बोनेट उघडून बघणार असतीस, तर राहुरीची फियाटच घे म्हणालो असतो. चालवायला तीच सरस आहे, यात मला शंका नाही. पण गाडी चालवणं वेगळं आणि सांभाळणं वेगळं. जुन्या गाडीत चालवण्याचे तास थोडे असतात, सांभाळण्याचे फार.

दोन्हींचं मूळ परदेशात. फियाट ११०० इटलीतल्या तुरीनची, १९५३ सालची. आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं ती कुर्ल्यात बनवली आणि १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं. अँबेसिडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सनं ती १९५७ पासून कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला बनवायला घेतली. आपल्या भागात दवाखान्यासमोर फियाट उभी असायची आणि साखर कारखान्याच्या, पंचायत समितीच्या आवारात अँबेसिडर. त्याला कारण होतं. डॉक्टर स्वतः चालवायचे, एकटे-दुकटे जायचे. साहेबांच्या गाडीत पुढं तिघं, मागं चौघं, डिकीत दप्तराचे गठ्ठे, आणि स्टिअरिंगवर पगारी ड्रायव्हर. एक गाडी चालवणाऱ्यासाठी होती, दुसरी बसणाऱ्यांसाठी. पन्नास वर्षांनंतरही दोघींचा हा स्वभाव बदललेला नाही.

आधी इंजिनाचं बोलू. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. तू बघितलीस ती अँबेसिडर मार्क थ्री १४८९ सीसीची, पन्नासच्या आसपास. आकड्यांत अँबेसिडर पुढं दिसते, पण पद्मिनीचं वजन नऊशे किलोच्या आत आणि अँबेसिडरचं अकराशेच्या वर. म्हणून तू एकटी बसून ब्राह्मणी-उंबऱ्यावरून राहुरीला निघालीस, तर फियाट चटकन उठते, गिअर भराभर पडतात, इंजिन हसत फिरतं. अँबेसिडरला वेग घ्यायला वेळ लागतो. ती घाई करत नाही आणि तुलाही करू देत नाही. पण घरातली चौघं-पाचजणं आणि सामान भरून नगरला जाताना इमामपूरचा घाट लागला की चित्र उलटतं. फियाटला थर्डवरून सेकंडला यावं लागतं आणि सेकंडमध्ये इंजिन जास्त फिरल्यानं तापतं. अँबेसिडर कमी फेऱ्यांवर ओढते. थर्डमध्येच घुरघुरत चढते, गिअर न बदलता. आमच्या गॅरेजच्या भाषेत तिला खालचं पुलिंग आहे.

दोन्हींचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, चार गिअर, आणि दोन्हींत पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. म्हणजे गाडी पूर्ण उभी राहिल्याशिवाय पहिला गिअर टाकायचा नाही. आताच्या गाडीवर शिकलेलं माणूस स्पीडब्रेकरवर सरपटतच पहिला टाकतं आणि खर्रकन दात वाजतात. तिथं सेकंडवर निघायचं, नाहीतर क्षणभर थांबून पहिला टाकायचा. आणि दांड्याचा गिअर ओढायचा नाही, नुसता नेऊन ठेवायचा. त्याच्या जोडसळ्यांचे बुश झिजले असतील तर गिअर अडकतो. घेताना दांडा न्यूट्रलमध्ये हलवून बघ, किती ढिला आहे ते हातालाच कळतं.

आता वळणं आणि रस्ता. फियाटला पुढं कॉइल स्प्रिंग, मागं पाटे. अँबेसिडरला पुढं टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेणारी लांब सळई, आणि मागं पाटेच. डांबरावर फियाट नेमकी वळते, तिचा अंदाज पहिल्याच दिवशी येतो, बाजारपेठेच्या गल्लीत ती सहज फिरते. अँबेसिडरचं स्टिअरिंग मात्र रॅक-पिनिअनचं आहे, फियाटचं वर्म-रोलरचं. चालू गाडीत अँबेसिडरचं चाक सरळ आणि खरं बोलतं, पण उभ्या गाडीत ते फिरवायला दंडात जोर लागतो. फियाटच्या स्टिअरिंगला वयानं मोकळीक येते. चाक दोन बोटं फिरलं तरी गाडी वळायला सुरुवात करत नसेल तर स्टिअरिंग बॉक्सची अॅडजस्टमेंट बघावी लागते. ती कुणी जास्त आवळली तर सरळ रस्त्यावर ठीक वाटतं आणि वळणावर चाक परत यायला तयार होत नाही. हे फार धोक्याचं. वळण घेऊन हात सैल सोड, चाक आपणहून मधे यायला हवं.

पण आपल्या घराचा शेवटचा तुकडा डांबरी नाही, हे विसरू नकोस. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांनी पाणंदीला दोन बाजूंना खोल चाकोऱ्या पाडल्यात आणि मधे उंच वरंबा उभा आहे. फियाटची चाकं चौदा इंची, अँबेसिडरची पंधरा इंची, आणि अँबेसिडर बसते तीही उंच. तो वरंबा फियाटच्या ऑइल चेंबरला घासतो. एखादा दगड वर आलेला असला तर चेंबरला चीर पडते आणि तेल कधी गळून गेलं हे कळतसुद्धा नाही. खडबडीत रस्त्यावर मागं बसलेल्या माणसाला फियाट उडवते, अँबेसिडर नुसती डुलते. तुझ्या आजीला नगरच्या दवाखान्यात न्यायचं असलं की मी कुठली निवडीन, ते आता तूच ओळख.

ब्रेक दोन्हींना चारही चाकांना ड्रमचेच. ड्रम तापले की पाय खाली जातो पण गाडी थांबत नाही. घाट उतरताना ज्या गिअरवर चढली असतीस, त्याच गिअरवर उतर. पावसात ओढ्यातून गाडी काढली की पुढं थोडं अंतर हलका ब्रेक दाबून चालव, म्हणजे लायनर सुकतात. आणि गळीत हंगामात अंधार पडल्यावर यातली कुठलीही गाडी बाहेर काढू नकोस. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर मागच्या दिव्याशिवाय चालतात, वाटेत उसाच्या मोळ्या पडलेल्या असतात, आणि या गाड्यांचे हेडलाइट आताच्या मानानं मंद. हे मी फार कळकळीनं सांगतो.

आता मुख्य गोष्टीकडं येतो. ती म्हणजे उष्णता. फियाटचं हेड अॅल्युमिनियमचं, खाली ब्लॉक बिडाचा. अँबेसिडरचं हेड आणि ब्लॉक दोन्ही बिडाचे. अॅल्युमिनियम हलकं, उष्णता लवकर सोडतं, म्हणून फियाटचं इंजिन इतकं चपळ. पण एकदा पाणी संपून इंजिन तापलं की अॅल्युमिनियम वाकतं. हेड वाकलं की गॅस्केट जातं, पाणी तेलात उतरतं, तेल दुधाळ होतं आणि मग बेअरिंगवर येतं. बीडही तडकतं, पण ते आधी बरंच सोसतं. इथं फॅनबेल्ट कोण बघणार, पाणी कोण तपासणार, याचा भरवसा नाही आणि माझे गुडघे आता शेडपर्यंत रोज जात नाहीत. म्हणून माझं माप अँबेसिडरच्या बाजूनं पडतं.

कुठलीही गाडी घेतलीस तरी तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतायचं नाही. बोनेट उघड, सावलीत उभी कर, अर्धा तास जाऊ दे, मग जाड फडकं धरून झाकण एक आटा सैल कर, वाफ जाऊ दे. पाणी घालताना इंजिन सुरू ठेवून थोडं थोडं घाल. हेड कधी उघडायचं झालं तर इंजिन पूर्ण गार असताना. बोल्ट मधून बाहेर, आळीपाळीनं, टॉर्क रेंचनंच आवळायचे. हाताच्या अंदाजानं आवळणारा मिस्त्री कितीही जुना असो, त्याला फियाटच्या हेडला हात लावू देऊ नकोस.

आणि बोअरचं पाणी रेडिएटरला अजिबात नाही. आपल्याकडच्या पाण्यात क्षार किती, ते तुला आजीच्या गिझरच्या कॉइलवरून माहीत आहे. तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत धरतो आणि त्या आतून बुजतात. वरून गाडी चकचकीत, आतून रेडिएटर अर्धा बंद, असं फार वेळा बघितलंय. तयार कूलंट घाल, नाहीतर कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी. फियाटमध्ये तर बीड आणि अॅल्युमिनियम एकाच पाण्यात भिजतात. साध्या पाण्यात अॅल्युमिनियम आतून खात जातं, कूलंटमधलं गंजरोधक त्याला आवर घालतं.

आता पेट्रोलचं, कारण ही गोष्ट आमच्या काळी नव्हती. २०२५ पासून पंपावर जे पेट्रोल मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते येतं कुठून? आपल्याच उसाच्या पट्ट्यातूनही. ज्या उसानं आपल्या घराला पक्कं छप्पर दिलं, त्याच उसाचं इथेनॉल आता टाकीत येणार. शेतकऱ्याच्या दृष्टीनं मला त्याचा आनंदच आहे, उसाला आणखी एक गिऱ्हाईक मिळालं. पण या गाड्या त्या इंधनासाठी बनलेल्या नाहीत, म्हणून तजवीज आपण करायची.

इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. गाडी रोज चालली तर काही बिघडत नाही, पण पावसाळाभर उभी राहिली तर टाकीत पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळं बसतं आणि पत्र्याची टाकी तळातून गंजते. जुने रबरी पाइप त्यानं फुगतात, चिरतात. पेट्रोल पंपाचा डायफ्राम जातो. कार्बोरेटरच्या आत पांढरी भुकटी धरते. म्हणून घेतल्या घेतल्या सगळे पेट्रोलचे पाइप इथेनॉल सोसणाऱ्या नव्या पाइपांनी बदल, पंपाचा डायफ्राम बदल, आणि टाकी व कार्बोरेटर यांच्यामधे पारदर्शक फिल्टर लाव. फिल्टरमध्ये तांबूस गाळ दिसला की समज, टाकी उतरवायची वेळ आली. महिनाभर गाडी उभी ठेवायची असेल तर शेवटी पेट्रोल बंद करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालव. तीन महिन्यांच्या वर ठेवायची तर टाकीच रिकामी कर.

आणखी एक. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळं जुन्या कार्बोरेटरला मिश्रण पातळ पडतं. गाडी ओढायला कमी पडते, अॅक्सिलरेटर दाबला की अडखळते, प्लग पांढरेफट्ट दिसतात. मेन जेट एक नंबर मोठा टाकला की बहुधा बरं होतं. प्लगचा रंग फिक्या विटकरीवर आला पाहिजे. फियाटला सोलेक्स कार्बोरेटर असतो, तो साधा आणि त्याचे जेट मिळतात. अँबेसिडरला एसयू असेल तर त्याच्या वरच्या घुमटात पातळ तेल लागतं. ते कोरडं पडलं की गाडी पिकअपला गचके देते आणि लोक विनाकारण टायमिंग हलवत बसतात. आधी ते तेल बघ.

पेट्रोलचीच दुसरी बाजू शिशाची. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. त्याआधी शिशानं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला आधार मिळायचा. फियाटच्या अॅल्युमिनियम हेडमध्ये व्हॉल्व्ह सीट वेगळ्या बसवलेल्याच असतात. अँबेसिडरच्या बिडाच्या हेडमध्ये ती बैठक हेडच्याच धातूत कापलेली असते आणि सतत दामटल्यावर ती खाली खचते. खूण अशी, की टॅपेटची फट आपोआप कमी होत जाते. आवाज कमी झाला म्हणून माणूस खूश होतं, आणि इकडं व्हॉल्व्ह जळत असतो. म्हणून अँबेसिडरचे टॅपेट शांत असतील तर जास्त काळजीनं तपास. हेड कधी उतरलंच तर नगरला नेऊन कडक सीट बसवून घे, तो खर्च एकदाच.

मे महिन्यात आणखी एक त्रास. उन्हात गाडी मधेच बंद पडते, प्लगला ठिणगी असते, पण पेट्रोल चढत नाही. पाइपात वाफ धरलेली असते. पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाक, बोनेट उघडं ठेव, थोड्या वेळानं सुरू होते. इथेनॉलच्या पेट्रोलनं हे जास्त होतं. सायलेन्सरच्या नळाजवळून जाणारा पाइप लांबून वळवून घेतला तर बराच फरक पडतो.

ग्रीसचं काम कुणाला आवडत नाही, आणि तेच या गाड्यांना जगवतं. पुढच्या सांध्यांना ग्रीसच्या निपला आहेत. पुस्तकात दिलेलं अंतर चांगल्या रस्त्याचं धर. आपल्या धुळीत आणि चिखलात त्याच्या निम्म्यावरच गन मारायची, आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारायची. गाडी पाण्यातून गेली असेल तर दुसऱ्याच दिवशी. अँबेसिडर एका बाजूला खाली बसलेली दिसली तर लगेच स्प्रिंग तुटली म्हणून घाबरू नकोस, टॉर्शन बारला उंची वाढवायची सोय असते. इंजिन ऑइल दोन्हींना २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५०. महाग पातळ सिंथेटिक ऑइल घालून गाडीवर प्रेम करायला जाऊ नकोस, ते जुन्या सिलांतून गळतं. अँबेसिडरच्या इंजिनाचं मागून थोडं तेल ठिबकणारच, खाली पत्रा ठेव आणि पट्टी बघत जा.

शेडची जमीन काळ्या मातीची आहे, तिथं गाडी ठेवायची नाही. काळी माती ओल धरून ठेवते आणि गाडी खालून गंजते. आधी मुरूम दाबून वर शहाबादी फरशी टाकून घेऊ, ते मी बघतो. ताडपत्री अंगाला चिकटवून बांधायची नाही, हवा खेळली पाहिजे. हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, लायनर ड्रमला धरतो. चाकांना दगड लाव. बॅटरीची एक वायर सोडून ठेव. जोडताना आधी बघून घे, कारण जुन्या इंग्लिश वळणाच्या गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थिंग असायचं आणि उलटी जोडली तर डायनामो-कटआउट जातो. आणि उंदीर. ऊस तुटला की शेतातले उंदीर घराकडं, शेडकडं येतात. एअर क्लीनरमध्ये घरटं करतात, वायरिंगचं आवरण कुरतडतात. हंगाम संपत आला की दर वेळी सुरू करण्याआधी एअर क्लीनर उघडून बघ.

सुट्या भागांची काळजी दोन्हींत आहे, पण वेगवेगळी. पद्मिनी बंद होऊन आता पाव शतक होत आलं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत ती होती तोवर तिचे भाग सहज मिळत. ३० ऑक्टोबर २०२३ नंतर मुंबईत पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. जुने भाग कुर्ल्याच्या भंगार बाजारात अजून शोधले की सापडतात, पण ते वापरलेले. अँबेसिडर २०१४ पर्यंत बनत होती, म्हणून तिचे रबरी भाग, ब्रेकचे किट, बेअरिंग अजून बरे मिळतात. मात्र १९९२ नंतरच्या इसुझू इंजिनाचे भाग तुझ्या मार्क थ्रीला चालणार नाहीत. दुकानदाराला नुसतं अँबेसिडर म्हणू नकोस, १४८९ सीसी पेट्रोल म्हण. काचा, क्रोमच्या पट्ट्या, दिव्यांच्या कड्या दोन्हींच्या दुर्मिळ. गाडी घेताना त्या सगळ्या जागेवर असतील तर त्यासाठी चार पैसे जास्त दे. इंजिन कुठंही बांधून मिळतं, काच मिळत नाही.

कागदांचं मात्र नीट ऐक. २०२१ च्या नियमांप्रमाणं पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर, नोंदणी वीस हजार, दहा वर्षांची मुदत. राहुरीची पद्मिनी १९७४ ची, ती बसते. घोडेगावची अँबेसिडर १९७८ ची, तिला अजून अवकाश आहे. पण व्हिंटेज नोंदणी झाली की ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यालाच. आजीला दवाखान्यात नेणं त्यात बसत नाही. म्हणून साधी नोंदणीच चालू ठेव, दर पाच वर्षांनी नूतनीकरण, पर्यावरण कर, विमा, पीयूसी, सगळं वेळेवर. आरसी बुकावर जुना बँकेचा बोजा चढलेला आहे का ते बघ. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घास आणि अंक बुकाशी ताडून घे.

रविवारी सकाळी दोन्ही गाड्या बघायला जाऊ, आधी राहुरी, मग घोडेगाव. येताना एक लोहचुंबक आण, फ्रिजवरचा चालेल, त्याला पातळ कापड गुंडाळ. जिथं तो धरत नाही तिथं पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे. अँबेसिडरला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार घेतो, म्हणून दाराखालचा उंबरा, जॅक लावायची जागा, मागच्या पाट्यांची टोकं आणि डिकीचा तळ कुजला असेल तर इंजिन कितीही गोड असो, गाडी सोडून द्यायची. मग मी फियाटचाही विचार करीन. दोघा मालकांना आदल्या रात्री फोन करून सांग, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका, इंजिन गार पाहिजे. आणि अंगावर जुने कपडे घाल, खाली झोपून बघायचंय, माझे गुडघे वाकत नाहीत.